गोष्ट कुठे कापली?

१ जुलै २०१८. रविवार, राईनपाड्याच्या आठवडी बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं हे गाव. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे पाच जण त्या दिवशी तिथे आले होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं. गावोगाव फिरायचं, डौर वाजवत नाथांची गाणी म्हणायची, भिक्षा मागायची आणि पुढच्या गावाची वाट धरायची, ही या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्यांच्यातला एक जण बाजारात एका लहान मुलीशी बोलला. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी वार्ता कित्येक दिवस मोबाईलवरून पसरत होती. तेवढं निमित्त पुरलं. जमावाने पाचही जणांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. ज्यांच्या घराण्यात दारोदार कथा गाण्याचं काम चालत आलं, त्यांचा जीव मोबाईलवरून आलेल्या एका कथेने घेतला.

त्या उन्हाळ्यात देशभर जी चित्रफीत सर्वांत जास्त फिरली, ती बहुतेकांनी पाहिली असेल. गल्लीत मुलं खेळताहेत. मोटारसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यात टिपलं गेलेलं खरंखुरं अपहरण वाटावं, असं चित्रण. ती मुळात पाकिस्तानातल्या कराची शहरासाठी केलेली जनजागृतीची फीत होती. मूळ फितीत मोटारसायकल लगेच वळून परत येते, मुलाला सुखरूप खाली उतरवलं जातं आणि मागे बसलेला माणूस एक फलक उघडून दाखवतो: मूल पळवायला एक क्षण पुरतो, आपल्या मुलांवर लक्ष ठेवा. हा शेवट कुणीतरी कापला. कापलेला तुकडा वेगवेगळ्या राज्यांत, वेगवेगळ्या भाषांमधल्या नव्या मजकुरासह पोचला. दृश्यांत काही बदललेलं नव्हतं. गोष्ट तेवढी अर्ध्यावर तोडली होती आणि तिला नवा आवाज दिला होता.

पुढे बरंच काही झालं. व्हॉट्सॲपने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी राज्यांना सविस्तर निर्देश दिले. कंपनीने कंपनीचं केलं, न्यायालयाने न्यायालयाचं. शाळेने काय करायचं, हा प्रश्न मात्र महाराष्ट्रात फार कुणी विचारला नाही. मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. कारण गोष्ट कशी रचतात, चित्र कसं निवडतात, आवाज कुठे चढवतात, शेवट कुठे ठेवतात हे ज्या मुलाने स्वतःच्या हाताने करून पाहिलंय, त्याला समोर आलेली गोष्ट कुठे कापली आहे हे दिसण्याची शक्यता फार मोठी असते. माध्यमसाक्षरता म्हणून आज जे मागितलं जातं, त्याचं निम्मं काम चित्रकलेच्या, नाटकाच्या आणि गोष्टीच्या तासाला होऊ शकतं. आणि नेमके हेच तास आपण गमावत आलो आहोत.

करामत दाखवायची आणि मग ती कशी केली तेही दाखवायचं, ही पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. दादासाहेब फाळके आपल्याला ‘राजा हरिश्चंद्र’मुळे ठाऊक आहेत. त्याच्या आधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची एकेक चौकट टिपत छोटी फीत केली. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात होताना दिसली आणि त्यावर विश्वास ठेवून भांडवल देणारा माणूस पुढे आला. कॅमेरा काळ आखडू शकतो, हे फाळक्यांनी असं सिद्ध केलं. फाळके उत्तम जादूगारही होते. आपलं आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते प्रयोग करत. याच माणसाने १९१७च्या सुमारास चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा एक लघुपट काढला. त्यात नटांना सूचना देणारे, फितीचे तुकडे हाताळणारे फाळके स्वतः दिसतात. पडद्यावर देव अवतरताना पाहून हात जोडणाऱ्या प्रेक्षकाला त्यांनी पडद्यामागे नेलं. त्या काळात हे करायला केवढा आत्मविश्वास लागला असेल! कृती उघड केली म्हणून कलेची जादू ओसरत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माझ्या मते आपल्याकडच्या माध्यमशिक्षणाचा पहिला धडा तोच. सातवी-आठवीच्या वर्गात तो लघुपट दाखवायला दहा मिनिटंही लागणार नाहीत.

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने हेच तत्त्व शाळाशाळांत नेलं. कार्यकर्ता आधी हातातून अंगारा काढतो, नारळातून करणी काढतो, जिभेवर कापूर पेटवतो. मुलं अवाक होतात. मग तो सगळं उलगडून सांगतो आणि एखाद्या मुलीला पुढे बोलावून तिच्याकडून तोच ‘चमत्कार’ करवून घेतो. यातला शेवटचा टप्पा सर्वांत मोलाचा. स्वतः केलेली करामत मूल विसरत नाही. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता काही तासांत देशभर आणि परदेशांतही पोचली, तेव्हा मोबाईल कुणाच्याच खिशात नव्हता म्हटलं तरी चालेल. शास्त्रज्ञांनी रंगवलेलं दूध वापरून ते मूर्तीवरून खाली कसं ओघळतं ते दाखवलं, पृष्ठताण समजावून सांगितला. अफवेला यंत्र लागतंच असं नाही. तिला लागते ऐकणाऱ्याची घाई.

चित्राला आवाज कसा फिरवतो, हे समजून घ्यायला सिंधुदुर्गात जावं. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी जपली आहे. सावंतवाडी संस्थानचा तिला आश्रय होता. या परंपरेतले एक कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या कुटुंबाने गोठ्याच्या जागेत कलेचं छोटं संग्रहालय उभं केलं आहे. चित्रकथीत एका कथेच्या चित्रांचा गठ्ठा असतो, त्याला पोथी म्हणतात. रामायण-महाभारतातले प्रसंग एकेका कागदावर रंगवलेले. कथेकरी चित्र समोर उभं धरतो, वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीने गातो, थांबून बोलतो, पुन्हा गातो आणि पुढचं चित्र लावतो. चित्रातली माणसं जागची हलत नाहीत. डोळे मोठे, बाजूने दिसणारे चेहरे, ठसठशीत रेषा. हलतो तो आवाज आणि त्या आवाजाने चित्र जिवंत होतं. प्रेक्षक चित्राकडे पाहतो, पण काय पाहायचं हे त्याला कान सांगतो.

यावर वर्गात काय करता येईल याचा विचार करा. एक चित्र घ्यावं: हात वर उचललेला पुरुष, समोर वाकलेली स्त्री. वर्गाचे दोन गट करावेत. एका गटाने या चित्रावर आशीर्वादाची गोष्ट रचायची, दुसऱ्याने मारहाणीची. दोन्ही गटांनी तेच चित्र धरून आपापली कथा गायची किंवा सांगायची. रेषा तीच, रंग तोच. तरी दुसऱ्या वेळी ते चित्र पाहताना वर्गातल्या मुलांना वेगळं वाटतं. रशियन दिग्दर्शक लेव कुलेशॉव्ह यांनी शंभर वर्षांपूर्वी चित्रपटाच्या फितीवर असाच प्रयोग केला होता. एका नटाचा निर्विकार चेहरा त्यांनी कधी सूपाच्या वाडग्याशेजारी जोडला, कधी शवपेटीशेजारी; आणि प्रेक्षकांना त्या एकाच चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी दुःख. चित्रपटाच्या शाळांत हा प्रयोग जगभर शिकवला जातो. आपल्याकडे तो पाचवीच्या वर्गात कागद-रंगांवर होऊ शकतो. तो ज्या मुलाने केला, त्याच्या मोबाईलवर उद्या पूर आलेल्या गावाचा फोटो आला, तर ‘फोटो खरा आहे का?’ याच्यापुढे जाऊन ‘याच्याखाली लिहिलेलं कुणी लिहिलं?’ असंही ते विचारेल. खोट्या बातम्यांत फोटो पुष्कळदा खरेच असतात. गाव, साल आणि प्रसंग वेगळे असतात.

कलेच्या तासाला आपण काय करतो? निसर्गदृश्य, स्मरणचित्र, संकल्पचित्र. मग एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या शासकीय परीक्षा. या परीक्षांनी खेड्यापाड्यांतल्या असंख्य मुलांच्या हाताला वळण लावलं, त्यांचं मोल मला कमी लेखायचं नाही. पण चित्र पाहायला शिकणं, चित्राशी बोलायला शिकणं याला त्यात जागा नाही. जाहिरातीत आई कायम स्वयंपाकघरातच का उभी असते, पाठ्यपुस्तकातल्या चित्रातला शेतकरी नेहमी म्हातारा आणि पागोटंवाला का असतो, असे प्रश्न चित्रकलेचे आहेत, असं आपण मानतच नाही.

खानदेशात राईनपाडा आहे आणि अमळनेरही आहे. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि वसतिगृहातल्या मुलांचं सगळं पाहत होते. त्यांच्या प्रेमळपणाच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. त्यांनी तिथे केलेल्या एका कामाकडे मात्र संपादकाच्या नजरेने पाहायला हवं. ते मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. दैनिक! रात्री जागून हाताने लिहायचं आणि सकाळी मुलांच्या वाचनासाठी ठेवायचं. त्यात वसतिगृहातल्या घडामोडी असत, जगातल्या असत, थोरांची चरित्रं असत, गोष्टी असत, मुलांच्या वागण्यावर मायेने केलेली टीकाही असे. पुढे त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केलं. जगात काय चाललंय ते मुलांना कळलं पाहिजे आणि ते अशा माणसाकडून कळलं पाहिजे ज्याला ती मुलं ओळखतात, ही त्यामागची भावना. बातमीला चेहरा होता. चुकलं तर विचारायला जाण्याचं ठिकाण होतं. आज मुलांपर्यंत पोचणाऱ्या बातमीत नेमकी याचीच वाण आहे.

आणि गुरुजींची गोष्ट सांगण्याची रीत? ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं गेलं. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो आणि मित्र ऐकता ऐकता बोलतात, विचारतात, दुसऱ्या दिवशी वाट पाहतात. अशा बेचाळीस रात्री. पुस्तकाचा साचाच ऐकणाऱ्यांना धरून आहे. गुरुजींच्या मागे प्रकाशभाई मोहाडीकरांनी साने गुरुजी कथामाला उभी केली आणि गावोगाव रविवारी सकाळी मुलांना गोष्टी सांगणारे कार्यकर्ते तयार झाले. माझ्या आधीच्या पिढीतल्या अनेकांना वाचनाची गोडी लागली ती कथामालेच्या सतरंजीवर.

अमळनेरच्या त्या दैनिकाच्याच सुमारास, फ्रान्सच्या दक्षिणेतल्या बार-सुर-लू या खेड्यात सेलेस्तँ फ्रेने नावाचा शिक्षक वर्गात छोटा छापखाना आणत होता. पहिल्या महायुद्धात फुफ्फुसाला जखम झाल्याने त्याला फार वेळ मोठ्याने बोलवत नसे. मग त्याने मुलांना बोलतं केलं. मुलं आपल्या गावातल्या गोष्टी लिहीत, वर्ग त्यातला मजकूर निवडे, चर्चा करून दुरुस्त करी, मुलं स्वतः खिळे जुळवून छापत आणि दूरच्या शाळेला पाठवत. एकेक अक्षर बोटांनी उचलून ओळ जुळवणाऱ्या मुलाला छापील शब्दाचं भय राहत नाही आणि आंधळा आदरही राहत नाही. इटलीतल्या बार्बियानाच्या शाळेत तर रोजचं वर्तमानपत्र हाच अभ्यास होता. तिथल्या मुलांनी मिळून लिहिलेलं पत्र मराठी वाचकांना ‘प्रिय बाई’ म्हणून माहीत आहे.

हस्तलिखित ही मराठी शाळांची आपली स्वतःची परंपरा. वार्षिक अंक, भित्तिपत्रक, सुवाच्य अक्षर असणाऱ्या मुलीवर पडलेली जबाबदारी, मुखपृष्ठासाठी होणारी भांडणं. अजूनही कित्येक जिल्हा परिषद शाळांत हस्तलिखित निघतं. बहुतेक ठिकाणी मात्र ते कविता-सुविचारांचं संकलन होऊन बसलंय. त्यात बातमी आली की सगळा खेळ बदलतो. शाळेच्या नळाला चार दिवस पाणी नाही, ही बातमी मुलांना लिहू द्यावी. मग प्रश्न आपोआप उभे राहतात. चार दिवस की तीन? कुणी मोजले? सरपंचांना विचारलं का? त्यांचं म्हणणं छापायचं का? शिपाईकाकांचं नाव घातलं तर त्यांना त्रास होईल का? मथळा ‘शाळेत पाण्याचा ठणठणाट’ असा द्यायचा की ‘नळ दुरुस्तीच्या प्रतीक्षेत’? दहा वर्षांची मुलं या मथळ्यावरून अर्धा तास वाद घालू शकतात. त्या अर्ध्या तासात ती जे शिकतात, ते ‘खोट्या बातम्या कशा ओळखाव्यात’ या भाषणातून कधीच शिकणार नाहीत.

नाटकाचा हिशेब वेगळा. बातमी मुलाला विचारायला शिकवते. नाटक दुसऱ्याच्या अंगात शिरायला शिकवतं. सुधा करमरकरांनी १९५९ साली रत्नाकर मतकरींच्या ‘मधुमंजिरी’ने मराठी बालरंगभूमीला नवं रूप दिलं. राक्षस, चेटकिणी, राजपुत्र यांचं ते अद्भुत जग होतं आणि त्या अद्भुताची मुलांना गरज असते. राक्षसाला घाबरणारं मूल राक्षस खोटा आहे हे जाणून असतं. भातुकलीतला भात ते खरोखर गिळत नाही. खरं आणि मानलेलं यांच्यातली रेघ मुलांना कल्पनेच्या खेळातूनच कळते. १९८६च्या सुमारास बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची नाटकं मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने पुण्यात आली. त्यांत परी नव्हती, राक्षस नव्हता. मोठी माणसं मुलांच्या भूमिका करत होती आणि मुलांचे रोजचे प्रश्न रंगमंचावर होते: खेळायला जागा नाही, आईबाप भांडतात, मोठे ऐकून घेत नाहीत. ‘छान छोटे वाईट मोठे’ हे नावच त्या काळात अनेक पालकांना खटकलं असणार. पण मोठ्यांनी सांगितलेलं तपासून पाहायचा अधिकार मुलाला आहे, ही गोष्ट ग्रिप्सने मराठी प्रेक्षागृहात ठामपणे मांडली.

मतकरींचं शेवटच्या वर्षांतलं काम मला त्यांच्या सगळ्या यशस्वी नाटकांइतकंच मोठं वाटतं. ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलामुलींना घेऊन ‘वंचितांचा रंगमंच’ त्यांनी उभा केला. मुलांनी आपल्या वस्तीतले प्रश्न घ्यायचे, आपणच छोट्या नाटिका रचायच्या, आपल्याच बोलीत करायच्या. वर्तमानपत्रांत ज्या वस्त्यांचं नाव बहुधा गुन्ह्यांच्या बातम्यांत येतं, तिथली मुलं स्वतःबद्दल स्वतः बोलू लागली. आपल्याबद्दल दुसऱ्या कुणी सांगितलेली गोष्ट आणि आपण सांगितलेली गोष्ट यांत केवढं अंतर असतं, हे त्या मुलांना कुणी समजावून सांगण्याची गरज उरली नसेल.

मला राहून राहून वाटतं, नववीच्या वर्गात एकदा तरी एक प्रसंग उभा केला जावा. बाजाराचा दिवस. परगावचे चार अनोळखी लोक. एका मुलाच्या फोनवर आलेला निरोप. वर्गातल्या सगळ्यांनी भूमिका वाटून घ्यायच्या आणि नंतर त्या बदलायच्या, म्हणजे जमावात ओरडणारी मुलगी दुसऱ्या खेपेला त्या परगावच्या माणसांपैकी एक होईल. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्टो बोआल अशा खेळात मधेच नाटक थांबवून प्रेक्षकाला विचारत, आता तू इथे असतास तर काय केलं असतंस? आणि त्यालाच रंगमंचावर बोलावत. गर्दीत एकट्याने ‘थांबा’ म्हणणं फार अवघड असतं. निदान एकदा ते तोंडातून बाहेर पडलेलं असावं, तालमीत का होईना.

डहाणू तालुक्यात कोसबाड आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत सुरू केलेलं बालशिक्षणाचं काम १९५७ साली तिथल्या टेकडीवर नेलं. शाळेत न येणाऱ्या वारली मुलांसाठी शाळाच कुरणात, अंगणात गेली. ताराबाई त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर होत्या. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक चौथीचा दंगेखोर वर्ग हाती घेतो, तेव्हा त्याची शांततेची युक्ती फसते आणि वर्ग जिंकला जातो तो गोष्टीने. कोसबाडलाही गाणी, गोष्टी, माती, पानं-फुलं हेच साहित्य होतं. याच डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावात १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या दिवसांत, दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक अशा तिघांना जमावाने ठार मारलं. चोर आणि मुलं पळवणारे फिरताहेत अशा अफवा त्या भागात आधीपासून होत्या. एका शाळेच्या थोर कामाचं माप या घटनेने काढणं अन्यायाचं होईल. पण खानदेश आणि डहाणू, गोष्टीतून शिक्षण ही वाट जिथे आपल्या थोर शिक्षकांनी चालून दाखवली तेच हे मुलूख, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्यांनी दाखवलेली वाट आपण त्यांच्या संस्थांपुरती ठेवली. तिला सरकारी वेळापत्रकाचा राजमार्ग केलं नाही.

राईनपाड्यात आणि गडचिंचल्यात हात उगारणारी बहुतेक मोठी माणसं होती. शाळेतल्या मुलांना शिकवून काय साधणार, अशी शंका इथे कुणी घेईल. या शंकेला बिहारमधल्या दोन अभ्यासांनी उत्तर दिलं आहे. २०१९च्या निवडणुकीच्या काळात सुमित्रा बद्रीनाथन या संशोधिकेने घरोघरी जाऊन प्रौढांना सुमारे तासभर खोटी माहिती ओळखण्याचं प्रशिक्षण दिलं आणि नंतर चाचणी घेतली. एकंदरीत परिणाम दिसला नाही. एका तासात मोठ्यांची मतं हलत नाहीत. पुढे त्यांनी सहकाऱ्यांसह राज्य सरकारच्या ग्रंथालयांतून ५८३ गावांतल्या १३,५००हून अधिक मुलामुलींसाठी, म्हणजे १३ ते १८ वर्षांच्या वयाच्यांसाठी, वर्ग घेतले. चौदा आठवड्यांत चार सत्रं. या मुलांची खरी-खोटी माहिती पारखण्याची क्षमता वाढली, काही महिन्यांनंतरही टिकली आणि त्यांच्या पालकांमध्येही फरक आढळला. शिकवणी मुलांना दिली, ती घरी पोचली. महाराष्ट्रात साक्षरतेच्या मोहिमांत आजीला सही शिकवणारी नातवंडं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याचं नवल वाटू नये.

केरळातल्या कण्णूर जिल्ह्यात मीर मोहम्मद अली जिल्हाधिकारी असताना गोवर-रुबेला लसीबद्दलच्या अफवांनी पालक लसीकरणाला विरोध करू लागले. तेव्हा अली यांनी सुमारे दीडशे सरकारी शाळांत ‘सत्यमेव जयते’ नावाने वर्ग सुरू केले. २०२२मध्ये केरळ सरकारने तोच धागा पकडून राज्यभरातल्या १९ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना डिजिटल माध्यमांचं प्रशिक्षण दिलं आणि पुढे पाचवी-सातवीच्या पाठ्यपुस्तकांत माहितीच्या पडताळणीचे धडे आले. फिनलंडने २०१६पासून लागू केलेल्या अभ्यासक्रमात हे कौशल्य वेगळ्या विषयात न ठेवता सगळ्या विषयांत विणलं. भाषेच्या तासालाही ते आहे, चित्रकलेच्या तासालाही. मला फिनलंडची ही रीत पटते. संगणकाच्या प्रयोगशाळेत कुलूपबंद असलेली माध्यमसाक्षरता खेड्यातल्या मुलाच्या काय कामाची? फोटोतल्या हाताची बोटं मोजा, सावल्या बघा, अशा युक्त्या आज शिकवल्या तरी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नव्या आवृत्तीपुढे त्या उद्या निरुपयोगी होतील. हे कोण सांगतंय, कशासाठी सांगतंय, काय वगळलंय, आणखी कुठे विचारता येईल, हे प्रश्न मात्र हुडुक वाजवणाऱ्या कथेकऱ्यालाही लागू होते आणि आजच्या यंत्राने रचलेल्या चित्रफितीलाही होतात.

एक धोका इथे आहे आणि तो गंभीर आहे. सगळंच खोटं असतं, असं मुलांना वाटू लागलं तर आपण हरलो. कशावरच विश्वास नसलेलं मूल चौकस नसतं, ते एकटं असतं आणि शेवटी आपल्या गटाने सांगितलेलंच धरून बसतं. म्हणून पारखायला शिकवणाऱ्या तासाच्या जोडीला मन लावून ऐकण्याचा तास हवाच. बाईंनी रंगवून सांगितलेली गोष्ट, गावातल्या वासुदेवाचं गाणं, आजीची आठवण यांतून मूल विश्वास ठेवायला शिकतं. विश्वास कुणावर ठेवावा याची पारख त्यातूनच सुरू होते.

कायदा काय म्हणतो ते पाहू. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात, सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुलं असलेल्या शाळेत कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत, असं लिहिलं आहे. म्हणजे कायद्याच्या लेखीच कलाशिक्षक हा अर्धवेळचा माणूस, तोही मोठ्या शाळेत. आणि महाराष्ट्रात लहान पटाच्या शाळा किती आहेत हे शिक्षकांना विचारा! वेळापत्रकात कला आणि कार्यानुभवाचे तास असतात, पण गणिताचा पोर्शन मागे पडला की पहिला बळी त्यांचाच जातो. ‘आम्हाला शिकवू द्या’ ही शिक्षकांची मागणी रास्त आहे. ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीची कामं यांतून जो वेळ उरतो, त्यात नवा विषय घाला असं त्यांना सांगणं क्रूरपणाचं आहे. म्हणून नवा विषय नकोच.

दुसरीकडे मुलांच्या हातात काय आहे? २०२४च्या ‘असर’ या शिक्षणस्थितीच्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयोगटातल्या ८० टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरणारी मुलं ५७ टक्के होती, समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. माध्यमांची शाळा रोज भरते आहे. तिथे हजेरी पूर्ण आहे आणि शिक्षक नाही.

सुदैवाने आपल्या प्रत्येक मराठी शाळेत रोज सकाळी अशी एक वेळ ठरलेली आहे, जिथे गोष्ट असते, बातमी असते, गाणंही असतं. परिपाठ. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, ताज्या बातम्या, बोधकथा. वर्षानुवर्षं मुलं वर्तमानपत्रातल्या तीन ओळी घडाघडा वाचतात, बोधकथेच्या शेवटी तात्पर्य सांगतात आणि रांगेने वर्गात जातात. या वीस मिनिटांत एक रुपया खर्च न करता बदल करता येईल. बातमी वाचणाऱ्या मुलीने ती कुठून घेतली ते सांगावं: कोणतं वर्तमानपत्र, कोणती तारीख, बातमीदाराने ते स्वतः पाहिलं की कुणाकडून ऐकलं. आठवड्यातून एक बातमी गावातली असावी आणि ती मुलांनी स्वतः विचारून आणलेली असावी. बोधकथेचं तात्पर्य पुसून टाकावं आणि ऐकणाऱ्या मुलांना विचारावं, ही गोष्ट कोल्ह्याने सांगितली असती तर कशी सांगितली असती? दप्तराविना भरणाऱ्या आनंददायी शनिवारी एखादा शाहीर, एखादा वाघ्या, एखादी ओव्या म्हणणारी आजी, छापखान्यातला कामगार, तालुक्याचा वार्ताहर यांना बोलवावं. मुलांनी त्यांना प्रश्न विचारावेत आणि मिळालेली उत्तरं सोमवारी भित्तिपत्रकावर लावावीत. चूक आढळली तर पुढच्या अंकात ‘दुरुस्ती’ या मथळ्याखाली ती मान्य करावी, तीही पहिल्या पानावर, जिथे मूळ बातमी होती तिथेच.

शिक्षक घडवणाऱ्या अध्यापक विद्यालयांनी गोष्ट सांगण्याची परीक्षा घ्यावी, तोंडी आणि मुलांसमोर. हातात पुस्तक न घेता पंधरा मिनिटं तिसरीचा वर्ग धरून ठेवता येतो का, हे पाहावं. आणि त्यानंतर एखादं मूल ‘हे खरंच घडलं का?’ असं विचारतं, तेव्हा होणारे सर किंवा बाई त्याला काय उत्तर देतात, त्याला गुण द्यावेत.